गव्हातली पुरचुंडी

शनिवारी सकाळी घर तपासायचं हा प्रणोतीचा नियम होता, आणि तो ती चहाच्याही आधी पाळायची. आधी गुडघ्यांवर बसायचं, मग सरळ रांगायचं. दोन वर्षांच्या बकुळचे डोळे जमिनीपासून जेवढ्या उंचीवर असतात तेवढ्या उंचीवरून पाहिलं की घर वेगळंच दिसतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं आणि दुर्दैवाने ते खरं निघालं होतं. सोफ्याखाली शेंगदाणा. टीव्हीच्या मागे शर्टाचं बटण. फ्रिजखाली बाटलीचं टोपण. दर शनिवारी मूठभर ऐवज निघायचा. तो ती ओट्यावर ओळीने मांडून ठेवायची, सासूबाईंना दिसावा म्हणून.

सासूबाई, म्हणजे शालनताई, त्या ओळीकडे बघायच्या आणि चहात साखर ढवळत म्हणायच्या, "आम्ही वाढवली ती पोरं काय दगडाची होती व्हय?"

"आई, श्वासनलिकेत अडकायला एक शेंगदाणा पुरतो."

"इंद्रानं तर लहानपणी नाणं गिळलं होतं. दुसऱ्या दिवशी आपलं आपण निघालं."

इंद्रा म्हणजे प्रणोतीचा नवरा, इंद्रजित. तो पाटणच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीला होता आणि कराडच्या घरी फक्त रविवारी असायचा. त्यामुळे ह्या वादात तो कधीच सापडायचा नाही. नाण्याची गोष्ट मात्र दर आठवड्याला सापडायची.

प्रणोती मायक्रोबायोलॉजी शिकलेली. गावाबाहेरच्या एका खासगी प्रयोगशाळेत तिला नोकरी होती: नदीच्या, बोअरच्या आणि सांडपाण्याच्या नमुन्यांत औषधांचे अंश मोजायचे. साडेनऊला घर सोडलं की साडेपाचला परत. तेवढा वेळ बकुळ आजीजवळ. पाळणाघरात नाव घालून ठेवलं होतं, पण यादीत त्यांच्या आधी सदतीस मुलं होती.

म्हणून हॉलच्या भिंतीवर तिने राखणदार बसवला होता. लिंबाएवढा काळा डोळा. मूल खोलीत एकटं आहे आणि मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात नाही असं झालं, की तो मोजायला लागायचा आणि ठरलेला वेळ झाला की प्रणोतीचा फोन थरथरायचा. कंपनीकडून तो पाच मिनिटांवर लावून आला होता. प्रणोतीने तो एका मिनिटावर आणला. पाच मिनिटांत काय काय होऊ शकतं हे तिने वाचलेलं होतं.

सुरुवातीला फोन दिवसातून सात-आठ वेळा थरथरायचा. ती नमुन्यांच्या बाटल्या तशाच ठेवून घरी फोन लावायची. आई, कुठे आहात? हितंच हाय की, मोरीत गेले होते. तिला एकटं सोडून? मग पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज यायचा. दिवाळीनंतर मात्र राखणदार गप्प झाला. एकदाही वाजेना. सासूबाई अखेर शिकल्या, असं प्रणोतीने धरलं. मैत्रिणींच्या ग्रुपवर तिने ते लिहिलंही होतं, हसऱ्या चेहऱ्यासकट.

त्या मार्चमधल्या शनिवारी तिने तपासणी स्वयंपाकघरापर्यंत नेली. वर्षाचा गहू नुकताच भरला होता. बकुळला हल्ली पिंपाचं झाकण वाजवायचा नाद लागला होता, म्हणून तिने ते उघडून आत कोपरापर्यंत हात घातला. बोटांना कापड लागलं. बाहेर काढलं तर जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा, त्यात गोळ्या, वर घट्ट गाठ.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. धान्याला कीड लागू नये म्हणून पुरचुंडीत बांधून ठेवतात त्या विषारी गोळ्या. ह्या घरात त्या नकोत, कडुलिंबाचा पाला घाला, हे ती लग्न झाल्यापासून सांगत होती. हो म्हणायचं आणि आपलंच करायचं. सासूबाई त्या वेळी गच्चीवर शेजारणींबरोबर कुरडया घालत होत्या. वर जाऊन विचारावं असं तिला क्षणभर वाटलं. पण विचारलं की भांडण, भांडण झालं की शेजारणींचे सल्ले, आणि शेवटी पुरचुंडी परत पिंपात. त्यापेक्षा न विचारता नेलेलं बरं. तिने पुरचुंडी प्लॅस्टिकच्या पिशवीतून धरली, कपाटातल्या खोकल्याच्या औषधाच्या अर्ध्या बाटल्या गोळा केल्या, बकुळला कडेवर घेतलं आणि ती मुल्ला मेडिकलला निघाली.

औषध-परतीचा कायदा येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याच्या आधी उरलेली औषधं लोक कचऱ्यात टाकत, नाहीतर मोरीत ओतत. सांडपाण्याच्या केंद्रात जंतू मरतात, मैला बसतो. औषधाचा रेणू मात्र तसाच्या तसा पार होतो आणि नदीत जातो. तिथे तो थोडा थोडा करून माशांना, बेडकांना आणि पुढच्या गावाच्या नळाला मिळतो. अँटिबायोटिक असेल तर जंतू त्याच्यावर तालीम करतात. कधीतरी मेडिकलच्या दुकानांत पत्र्याचे डबे ठेवून पाहिले होते, पण लोकांनी त्यांत बसची तिकिटं टाकली. मग प्रत्येक दुकानात यंत्र आलं. सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला परतपेटी म्हणत.

मुल्लाकाकांच्या दुकानातली पेटी काउंटरच्या शेजारी होती, पिठाच्या घरगुती गिरणीएवढी. काका साठीचे, गावातल्या निम्म्या घरांची दुखणी तोंडपाठ असलेले. त्यांनी बकुळच्या हातात रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा दिला. गेल्या आठवड्यात एकाने पेटीत वडिलांची कवळी टाकली, असं त्यांनी वैतागून सांगितलं. पेटीने तासभर विचार केला आणि "औषध आढळले नाही" म्हणून बाहेर फेकली. त्याच्या आधी एका बाईने अख्खा च्यवनप्राश. आता काय, म्हणाले, ह्या खिडकीत बसून मी लोकांना औषध कशाला म्हणतात ते शिकवतोय.

प्रणोतीने बाटल्या काउंटरवर ठेवल्या आणि पुरचुंडीची गाठ सोडून गोळ्या तेवढ्या पेटीच्या कप्प्यात ओतल्या. झाकण बंद झालं. पडद्यावर "कृपया थांबा" आलं. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

"धान्यातल्या गोळ्या आहेत काका. पेटीला कळणार नाहीत."

"तिला सगळं कळतं वहिनी. आपल्यालाच कळत नाही."

हे खरं होतं, आणि पेटी कशी चालते हे तिला कामामुळे चांगलं ठाऊक होतं. गोळी म्हणजे दाबून बसवलेली भुकटी. औषध त्यात चिमूटभर. बाकी स्टार्च आणि सेल्युलोज, म्हणजे जवळजवळ साबुदाणा आणि कागद. चंदेरी वेष्टनातून बाहेर आली की ती हवेतलं बाष्प प्यायला लागते, बाहेरून आत, ठरावीक गतीने. पेटी तिच्यावर अवरक्त प्रकाश टाकते, ओल किती आत पोचली ते बघते, गावातल्या रोजच्या हवामानाशी ताडते आणि ही गोळी कुठल्या दिवशी पाकिटातून बाहेर काढली ते सांगते. गोळी काढून सहा महिने व्हायच्या आत चूक झाली तर काही तासांचीच. मुळात हे शोधलं होतं ते औषध अजून गुणकारी आहे का हे कळावं म्हणून. दुसरी गोष्ट म्हणजे कायद्याने प्रत्येक गोळीच्या पिठात सिलिकाचे निरुपद्रवी कण मिसळलेले असतात, त्यांवर खूण असते, आणि त्या खुणेवरून कुठल्या दुकानातून कुणाच्या नावावर ती गोळी गेली हे निघतं. हे सगळं वाचून नोंद पुरी झाली की पेटी गोळ्यांना उकळत्याच्या कितीतरी पट गरम पाण्यात, प्रचंड दाबाखाली, रेणू मोडेपर्यंत ठेवते. नोंद पुरी व्हायच्या आधी नाही.

पडद्यावर अक्षरं आली. मुल्लाकाकांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि पडदा तिच्याकडे वळवला.

गव्हाचं पीठ चिकटलेलं आढळलं. कोरड्या धान्यात साठवण गृहीत धरून दुरुस्ती केली. एकच औषध. शरीरातलं जादा पाणी काढणारी गोळी. एक्क्याऐंशी नग. रुग्ण: शालन बाजीराव डुबल. पहिली गोळी वेष्टनातून काढली दहा नोव्हेंबरला. शेवटची काल सकाळी.

"ही त्यांची हृदयाची गोळी," काका म्हणाले. "लघवीची म्हणतो आपण. रोज सकाळी एक. दर महिन्याला पाकीट माझ्याकडूनच नेतात."

प्रणोती म्हणाली की आई रोज सकाळी गोळी घेतात, तिच्या डोळ्यांसमोर घेतात, पाण्याचा पेला ती स्वतः भरून देते. बोलता बोलताच तिला दिसलं की तिने पेला दिला होता, पाकिटातून गोळी काढताना पाहिलं होतं. गिळताना कधी बघितलंच नव्हतं. त्या वेळी ती बकुळच्या तोंडात काय आहे ते बघत असायची.

खाली महिन्यांचे तक्ते होते. ज्या दिवसाची गोळी सापडली तो चौकोन काळा, बाकीचे पांढरे. पाच काळे, दोन पांढरे. पाच काळे, दोन पांढरे. शनिवार-रविवार पांढरे. पंचवीस डिसेंबर पांढरा. जानेवारीत सलग नऊ दिवस पांढरे. जानेवारीत काय होतं? जानेवारीत ती स्वतः तापाने अंथरुणात होती, घरी.

तिने तो तक्ता दुसऱ्यांदा वाचला. तो सासूबाईंच्या गोळ्यांचा नव्हताच. तिच्या कामाच्या दिवसांचा होता.

हृदयाची गोळी तीसपेक्षा जास्त वेळा चुकली असेल तर पेटी तसं डॉक्टरांच्या नोंदीत पाठवते, काकांनी सांगितलं. मग माणसाला देखरेखीवर घेतात. घरात एक डोळा बसवतात, रोज गोळी गिळली की त्याच्यासमोर तोंड उघडून, जीभ वर करून दाखवायचं. सहा महिने. मात्र रुग्णाने स्वतः दुकानात येऊन का घेतली नाही ते सांगितलं आणि डॉक्टरांना भेटल्याचा कागद दाखवला, तर डोळा बसत नाही. मुदत सोमवारी सकाळी नऊपर्यंत.

"बऱ्याच घरांत आता बसवतात," ते म्हणाले. "मुलांनाच बरं वाटतं. कटकट नाही." मग ते बकुळच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले. "माझ्या मोठ्या भावाला बसवला होता. जीभ दाखवताना तो माझ्याकडे बघायचा नाही. त्यांना आजच डॉक्टरकडे न्या. राहिलेल्या गोळ्या एकदम चालू करू नका."

रस्त्यात तिने इंद्रजितला फोन लावला. मागे वारा इतका होता की तो अर्ध्या गोष्टीला "काय?" म्हणत होता. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला की आईने सांगायला पाहिजे होतं. तिने विचारलं, तू कधी विचारलंस? त्याने मग, आपण एक डोळा स्वयंपाकघरातही आणखी बसवू या का, असं सुचवलं. तिने फोन बंद केला. वैताग ह्याचा होता की तासाभरापूर्वी तिने स्वतःच हे सुचवलं असतं.

गच्चीवर शेजारणी उठून गेल्या होत्या. कुरडया प्लॅस्टिकवर पांढऱ्या जाळ्यांसारख्या पसरल्या होत्या आणि सासूबाई भिंतीच्या सावलीत पाय लांब करून कावळे हाकत बसल्या होत्या. चपला बाजूला. हल्ली पाय सुजल्यामुळे त्या चपला अर्ध्याच पायात घालून फरफटत चालत. प्रणोतीला ते महिनाभर दिसत होतं, आणि महिनाभर ती लोणच्यातल्या मिठावरून त्यांना बोलत होती.

तिने बकुळला खाली ठेवलं आणि समोर बसली. त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. काढला. खळगा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो तसा.

"काय करतीस गं?"

"ती पुरचुंडी मी मुल्लाकाकांकडे नेली."

सासूबाईंनी कावळ्याला एक खडा मारला. "धान्याच्या गोळ्या हायत त्या."

"तुमच्या आहेत. पेटीने तारखा सांगितल्या. मी घरी नसले की नाही घेतलेली. का?"

बकुळ एका ओल्या कुरडईकडे सरकत होती. दोघींनी एकाच वेळी हात पुढे केला, आणि आजीचा आधी पोचला.

"ती गोळी घेतली की अर्ध्या अर्ध्या तासाला जावं लागतं," सासूबाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत. माझे गुडघे हे असले. उठायचं, जायचं, बसायचं, उठायचं. चार मिनिटं लागतात मला. तुझा तो डोळा साठ मोजतो. मग तू फोन करतीस."

"मग मला सांगायचं होतं ना."

"काय सांगायचं? मुतायला चार मिनिटं द्या म्हणून सुनंला अर्ज करायचा?"

प्रणोतीच्या तोंडाशी बरंच आलं होतं. हृदयाच्या पंपाबद्दल, फुप्फुसांत साठणाऱ्या पाण्याबद्दल, चार महिन्यांबद्दल. ते सगळं बरोबर होतं आणि त्यातलं काहीच बोलता येण्यासारखं नव्हतं. शेवटी तिने सगळ्यात क्षुल्लक ते विचारलं. टाकून का नाही दिल्या?

आता सासूबाई खरंच चिडल्या. "कुठं टाकायच्या? कचऱ्यात टाकायच्या न्हाईत, कुत्री खातात, असं तूच सांगतीस. मोरीत टाकायच्या न्हाईत, नदीत जातात, मासे मरतात. कपाटात ठिवाव्या तर बकीचा हात जातो. पिंपाचं झाकण तेवढं तिला निघत न्हाई. तुझ्या घरात एक गोळी ठिवायला जागा शोधता शोधता माझा जीव मेटाकुटीला आला."

बकुळला कुणीतरी चिडलंय एवढं समजलं, आणि तिने आजीच्या पायावर आपला अंगठा दाबून पाहिला. आईने दाबला होता तसा.

हृदयाच्या डॉक्टर पाटणकर मॅडमनी संध्याकाळीच बोलावलं. त्यांनी वजन केलं: साडेचार किलो वाढलेलं, आणि ते सगळं पाणी. छातीला नळी लावून ऐकलं, पडद्यावर हृदय दाखवलं. ते थकलेल्या माणसाने दार ढकलावं तसं उघडत होतं. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर ह्यांना अतिदक्षता विभागातच भेटले असते, त्या शांतपणे म्हणाल्या, आणि मग कुणाला रागवावं हे न समजून दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. प्रणोतीने विचारलं, गोळी संध्याकाळी नाही का चालणार, मी घरी आल्यावर? चालली असती, मॅडम म्हणाल्या; नोव्हेंबरात विचारलं असतं तर तेव्हाच बदलून दिली असती. आता एका वेळेने भागणार नाही. सकाळी एक आणि दुपारी एक. न चुकता.

म्हणजे चार मिनिटं, दिवसातून दहा-बारा वेळा, तिच्या माघारी.

रात्रीची जेवणं झाली. प्रणोतीच्या डोक्यात यादी चालू होती आणि यादीतलं एकेक गळत होतं. नोकरी सोडायची? घराचा निम्मा गाडा त्या पगारावर होता. बकुळला कुंपणात ठेवायचं? ती गेल्या महिन्यातच त्यावरून पलीकडे पडली होती. आजीने तिला बाथरूममध्ये बरोबर न्यायचं? तिथे बादली, आणि बादलीभर पाण्याबद्दल तिने जे वाचलं होतं ते तिला आठवायचंही नव्हतं. प्रत्येक वाटेच्या शेवटी कुणीतरी एकटं राहत होतं, नाहीतर कुणाचं तरी हृदय थकत होतं.

रविवारी इंद्रजित आला तेव्हा त्याची बायको हॉलमध्ये गुडघ्यांवर होती. त्याला वाटलं, शनिवारचं राहिलं असेल. पण ह्या वेळी ती बकुळच्या उंचीवरून बघत नव्हती. सतरंजीवरून सोफ्याच्या हाताला धरून हळूच उठायचं, दोन्ही गुडघ्यांत दुखतंय असं धरून चालायचं, पॅसेजचा उंबरा ओलांडायचा, भिंत धरायची. बाथरूमचं पायपुसणं घसरत होतं. कडी उंच होती. कमोडच्या शेजारी धरायला काहीच नव्हतं. पाच वर्षं ती ह्या घरात राहत होती आणि बकुळ रांगायला लागल्यापासून दर शनिवारी घर तपासत होती.

"माझी नक्कल करतीस व्हय?" स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंनी विचारलं.

"वेळ लावतेय."

"मग जरा कण्हत जा. मी कण्हते."

चार मिनिटं अकरा सेकंद लागले. इंद्रजितला तिने एकही गोष्ट समजावून सांगितली नाही, फक्त कामं सांगितली. भिंतीला दांडा बसव. पायपुसणं फेक. बादली, टब, तांब्या, सगळं वर, रिकामं, उलटं. सगळ्या खणांना कड्या. राखणदार फिरवून बसव, त्याला पॅसेजही दिसला पाहिजे. मग तिने फोन घेतला आणि मर्यादेच्या चौकोनात एकऐवजी सहा लिहिलं. यंत्राने विचारलं, नक्की? तिने हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. यंत्रालाही तिची सवय झाली होती.

सोमवारी पावणेनऊला तिघी मुल्ला मेडिकलच्या पायऱ्यांवर होत्या. काकांनी शालनताईंना खुर्ची दिली आणि पेटी सुरू केली. गोळी का घेतली नाही? खाली पर्याय होते. विसरले. त्रास होतो. परवडत नाही. बरे वाटत होते. इतर.

"ह्यात माझं न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"मग इतर दाबा, ताई, आणि बोला. ती लिहून घेते."

त्यांनी पदराने बोट पुसलं, दाबलं, आणि पेटी बहिरी असल्यासारख्या मोठ्याने म्हणाल्या, "नात सांभाळते."

पेटीने ते घेतलं. डॉक्टरांचा कागद आत गेला. मग आत कुठेतरी झडप उघडल्याचा आवाज झाला, पाणी गरम होत गेल्याची घरघर आली, आणि एक्क्याऐंशी सकाळींच्या गोळ्या एकदमच मोडल्या. मुल्लाकाकांनी नवीन पाकीट काउंटरवर ठेवलं आणि पाण्याचा पेलाही. सासूबाईंनी तिथेच गोळी जिभेवर ठेवली. प्रणोतीने मुद्दाम रस्त्याकडे बघितलं.

प्रयोगशाळेत सकाळचे पहिले नमुने यंत्रात लावून होतात न होतात तोच, दहा चाळीसला, फोन थरथरला.

सहा मिनिटं झाली होती. तिने राखणदाराचं चित्र उघडलं. पॅसेजमध्ये बंद दारासमोर बकुळ बसली होती. हातात स्टीलची वाटी. ती वाटी दारावर आपटत होती आणि आतून आवाज येत होता, कोण हाय? बकी. कोण बकी? बकी! मग हसणं, मग पुन्हा वाटी. प्रणोतीचा अंगठा फोनच्या हिरव्या खुणेवर होता. अंगठा तिथेच ठेवून ती मोजत राहिली. वीस. तीस. सासूबाईंना आज जास्त वेळ लागत होता. पहिलाच दिवस, चार महिन्यांचं पाणी. पन्नास. कडी वाजली. दार उघडलं, दांडा धरून सासूबाई बाहेर आल्या, उंबऱ्याशी थांबल्या आणि मान वर करून थेट राखणदाराच्या डोळ्यात बघून म्हणाल्या,

"आले गं बाई, आले. मोजतीयस न्हवं?"

तिने फोन पालथा ठेवला.

समोर यंत्राचा आलेख डावीकडून उजवीकडे सरकत होता. गुरुवारी नदीतून घेतलेला नमुना. एकेका औषधाचं एकेक शिखर ठरलेल्या जागी उगवत होतं, आणि सातव्या मिनिटाला ते आलं, दर आठवड्याला येणारं, लघवीच्या गोळीचं. ह्या शिखरावर तिचा जुना राग होता. ही गोळी शरीरात फारशी बदलत नाही. निम्म्याहून जास्त जशीच्या तशी बाहेर पडते आणि नदीत येते. मोरीत फेकलेली आणि कुणाच्या पोटातून जाऊन आलेली, आलेखाला दोन्ही सारख्याच. प्रणोती आजवर फेकलेलीच धरत आली होती. निष्काळजी लोक, म्हणायची.

आज तिने त्या शिखराकडे जरा वेळ बघितलं. ह्यातल्या कितीतरी गोळ्या कुणीतरी सकाळी पाण्याबरोबर गिळल्या असतील, आणि मग भिंत धरत गेलं असेल, वेळेत परत यायच्या घाईने. नमुना गुरुवारचा होता, आणि गुरुवारची गोळी पुरचुंडीत गेली होती. ह्यात आई नव्हत्या.

एका बाईच्या गोळीने नदीतलं शिखर हलत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिने रिकाम्या बाटल्यांतली एक उचलली, आणि तिच्यावर येत्या गुरुवारची तारीख आत्ताच घालून ठेवली.